चिमूटभर चुना

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागातील शेतकऱ्याला ‘सामू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माती तपासणीच्या अहवालात तो ठळकपणे लिहिलेला असतो. सात हा मध्य. सातच्या खाली जमीन आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी. चुनखडीच्या रानात सामू आठ-साडेआठपर्यंत चढतो आणि उसाची कोवळी पाने पिवळी पडू लागतात. अशा वेळी मातीत लोह नसते असे नाही. ते भरपूर असते. परंतु त्या सामूला ते अशा रूपात अडकून पडते की मुळांना ते उचलता येत नाही. जमिनीत काय आहे आणि पिकाला त्यातले काय मिळते, या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर असू शकते, हे आपल्याकडील शेतकरी अनुभवाने जाणतो. हाच सामू माणसाच्या तोंडातही असतो. तोंडात ठेवलेल्या पदार्थातून रक्तात किती उतरेल, हे पुष्कळदा त्याच्यावर ठरते. याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते.

निपाणी ही तंबाखूची जुनी आणि मोठी बाजारपेठ. तिच्या परिसरातील एका गावी राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक अण्णा यांना ही जाणीव वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी झाली. वडिलांच्या काळी घरच्या रानात तंबाखूचेच पीक असे. वखारीचा उग्र वास अण्णांच्या लहानपणाशी जोडलेला. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी पहिली चिमूट गालात ठेवली आणि त्यानंतर बावन्न वर्षे ती सुटली नाही. शिक्षक म्हणून ते करडे होते. विद्यार्थ्यांसमोर त्यांनी कधी तंबाखू मळली नाही; मधल्या सुट्टीत शाळेमागच्या लिंबाखाली जात. खिशात दोन तोंडांची डबी असे. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. तळहातावर पाने घ्यावीत, नखाने चुना लावावा, अंगठ्याने मळावे, दोन थापट्या देऊन धूळ उडवावी आणि चिमूट डाव्या गालाच्या खळग्यात सरकवावी, हा क्रम त्यांच्या हाताला इतका अंगवळणी पडला होता की त्यासाठी डोळ्यांची गरज उरली नव्हती.

हलणारी दाढ दाखवण्यासाठी ते दंतवैद्याकडे गेले आणि दाढेपेक्षा मोठी गोष्ट पुढे आली. डाव्या गालाच्या आतील बाजूस, नेमकी जेथे चिमूट बसत असे तेथे, पांढरा चट्टा होता. तुकडा काढून तपासला गेला. कर्करोग नाही, असा निर्वाळा मिळाला. पण तंबाखू आजच सोडा, नाहीतर पुढची तपासणी वेगळे सांगू शकेल, असेही स्पष्ट शब्दांत बजावण्यात आले.

अण्णांनी त्याच दिवशी डबी माळ्यावर टाकली. नवव्या दिवशी ती खाली आली. दुसऱ्या वेळी सोळा दिवस निभावले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी निकोटीनचा गम लिहून दिला. तंबाखूतील ज्या द्रव्याची शरीराला सवय लागलेली असते, ते द्रव्य थोड्या प्रमाणात आणि संथपणे देऊन तलफ शमवावी व हळूहळू तेही बंद करावे, अशी त्यामागची योजना. अण्णांनी तीन आठवडे गम चघळला. तलफ तसूभरही कमी झाली नाही. उलट उचकी लागे, छातीत जळजळे. “ह्यात काही दम नाही,” असे म्हणून त्यांनी पाकीट बाजूला ठेवले.

घरच्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. मुलाला वाटले, वडील सबब सांगत आहेत. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या न बोलण्यातही एक मत होते. आणि बावन्न वर्षांपैकी सेहेचाळीस वर्षे ती डबी पाहत आलेल्या काकू एका दुपारी बोलून गेल्या, “अहो, शाळेतल्या शेकडो पोरांना शिस्त लावली. स्वतःला तेवढी लावता येईना?” अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. ते शब्द त्यांना लागले, कारण मनातल्या मनात तेही स्वतःला हेच विचारत होते.

दिवाळीच्या सुट्टीत नात घरी आली. ती कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. अण्णांनी, कदाचित तिच्या शब्दाखातर, उरलेला गम पुन्हा सुरू केला होता. दुपारचे जेवण झाले; अण्णांनी नेहमीप्रमाणे पेलाभर आंबट ताक घेतले आणि लगेच गमची गोळी तोंडात टाकून ती भराभर चावू लागले. मधूनमधून ताकाचा घोटही चालूच होता. नात काही वेळ पाहत राहिली.

“अण्णा, ताकावर गम घेऊ नका.”

“का? ताकानं काय होतंय?”

“आधी मला सांगा, तुम्ही तंबाखूला चुना कशाला लावत होता?”

“चुन्याशिवाय तंबाखू लागत नाही, बाळ. नुसता पाला चघळल्यासारखं होतं.”

“मग ताक म्हणजे चुन्याच्या बरोबर उलटं. तुम्ही गमला रोज चुन्याच्या उलटं काहीतरी लावताय.”

एवढ्या संभाषणात सगळे शास्त्र आले होते. उरला होता तो त्याचा विस्तार. तो तिने त्या दुपारी केला, आणि माती तपासणीचे अहवाल आयुष्यभर वाचलेल्या अण्णांना तो समजण्यास वेळ लागला नाही.

गालाच्या आतील अस्तर म्हणजे मऊ, ओलसर, अनेक पेशीथरांचा एक पडदा. गालाजवळ त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक भरते. जिभेखाली तो त्याहून बराच पातळ असतो. हिरड्या आणि टाळूचा पुढचा भाग चावण्याचा मार सोसण्यासाठी राठ बनलेला असतो; गाल आणि जिभेखालची जागा तशी नसते. म्हणून औषधे ठेवायची ती तेथे. या पडद्याच्या पेशींच्या भिंती आणि त्यांच्यामधील सांधे स्निग्ध द्रव्यांनी भरलेले असतात. तेलात पाणी शिरत नाही, तसे पाण्याशी सख्य असलेले कण या पडद्यातून सहजासहजी जात नाहीत. स्निग्धाशी जमवून घेणारे कण मात्र आरपार जातात.

आता निकोटीनचा स्वभाव पाहावा. ते अल्कधर्मी द्रव्य आहे. भोवतालचा द्रव आम्लधर्मी असेल तर त्यातील हायड्रोजनचा आयन ते आपल्याकडे ओढून घेते आणि स्वतः विद्युतप्रभारित होते. असे प्रभारित निकोटीन पाण्यात सुखाने विरघळते, पण स्निग्ध पडद्याच्या दाराशी अडते. भोवताल अल्कधर्मी असेल तर तो आयन सुटतो, प्रभार जातो, आणि मोकळे झालेले निकोटीन पडद्यातून सरकू लागते. सामू आठच्या सुमारास दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. सामूची मोजपट्टी अशी की एक अंक उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढते. त्यामुळे निकोटीनचा हिशेबही झपाट्याने बदलतो. सामू नऊ असताना शंभरातील सुमारे ९१ कण मोकळे असतात, आठला ५०, सातला ९, आणि सहाला अवघा एक. गोळी तीच, तिच्यातील निकोटीन तेवढेच. पण तोंडातील द्रवाचा सामू दोन-तीन अंकांनी हलला की वाट मिळणाऱ्या कणांची संख्या अशी कोसळते.

सामूची ही मोजपट्टी मुळात मातीसाठी किंवा औषधांसाठी जन्माला आलेली नाही. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ती मांडली. विकरांचे, म्हणजे पचनादी क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे, काम आम्लतेनुसार कसे बदलते याचा अभ्यास ते करीत होते. मोजण्यास सोपे असे एक साधन त्यांना हवे होते. ते साधन पुढे शेतात आले, जलशुद्धीकरणात आले आणि दवाखान्यातही आले.

तोंडाच्या बाबतीत याचा पडताळा मोठ्या साधेपणाने घेतला गेला. १९६७ साली लंडनमधील औषधशास्त्रज्ञ बेकेट आणि ट्रिग्ज यांनी स्वयंसेवकांना ठरावीक सामू राखलेल्या द्रावणात औषध मिसळून दिले. ते तोंडात पाच मिनिटे खळखळवायचे आणि थुंकून टाकायचे. मग तोंड धुऊन तेही पाणी गोळा करायचे. थुंकलेल्या पाण्यात औषध किती उरले ते मोजले, की उरलेले कोठे गेले हे कळते. अल्कधर्मी औषधांच्या बाबतीत द्रावणाचा सामू जसजसा वर नेला, तसतसे तोंडातच शोषले जाणारे औषध वाढत गेले. न सुई, न रक्त. केवळ गुळण्या करून अस्तराचा नियम हाती लागला.

प्रयोगशाळेच्या फार आधी सामान्य माणसाच्या हाताने हे ओळखले होते. आपल्याकडील चुन्याचे संपृक्त पाणी घेतले तर त्याचा सामू बाराच्या वर भरतो. नखावरचा चुना तंबाखूच्या चिमटीतील ओलाव्यात मिसळला म्हणजे निकोटीनचा मोठा भाग मोकळा होतो आणि काही मिनिटांतच रक्तात चढू लागतो. पेरू-बोलिव्हियाच्या पर्वतांत कोकाची पाने चघळणारे लोक त्यांबरोबर चुना किंवा वनस्पतींची राख घेतात. सुदानमधील तूमबाक नावाच्या तंबाखूत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार मिसळतात. अलास्कातील यूपिक लोक झाडावर वाढणाऱ्या अळंबीची राख तंबाखूत घालतात. स्वीडनमधील स्नूसमध्येही सोडा असतो. या लोकांची एकमेकांशी ओळख नाही, भाषा वेगळ्या, हवामान वेगळे. तरी प्रत्येकाच्या हाताशी चिमूटभर क्षार आहेच. पाल्यात जे आहे ते क्षाराशिवाय अंगी लागत नाही, हे प्रत्येकाला आपापल्या गालाने शिकवले.

धुराचा प्रकारही याच नियमात बसतो. चिरुटाची तंबाखू ज्या रीतीने वाळवतात, तीमुळे तिचा धूर अल्कधर्मी होतो. म्हणून चिरूट ओढणाऱ्याने धूर छातीत ओढला नाही तरी तोंडातून निकोटीन शोषले जाते. सिगारेटच्या धुराचा कल आम्लाकडे असतो. तोंडात तो धरून काही साधत नाही; त्याला फुप्फुसांत ओढावेच लागते. म्हणजे सिगारेट छातीला आणि चुना लावलेली चिमूट गालाला जो अपाय करते, त्यामागे सामूचाही हात आहे. आपल्या देशात तर गालाचे हे दार अधिक वापरले जाते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक तंबाखू वापरत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते, तर चघळणे, दाताला लावणे अशा धूरविरहित मार्गाने तंबाखू घेणारे २१.४ टक्के.

चुन्याचा दोष एवढ्यावर संपत नाही. तो दाहक आहे. दिवसातून दहा वेळा, एकाच खळग्यात, वर्षानुवर्षे तो अस्तराला भाजत राहतो. भाजलेले अस्तर पहारेकऱ्याचे काम नीट करू शकत नाही, आणि तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये तेथेच तासन् तास मुरत असतात. चट्टा नेमका चिमटीच्या जागी उमटावा, यात योगायोग नव्हता. शिवाय निकोटीन जितक्या वेगाने चढते तितकी त्याची सवय घट्ट होते. अण्णांना ज्या चिमटीने बावन्न वर्षे बांधून ठेवले, तिची गाठ चुन्याने अधिक आवळली होती.

गमची कथा या उलट बाजूची. १९६७ साली स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांच्या ध्यानात आले की पाणबुडीवरील नाविक आणि विमानातील कर्मचारी धूम्रपानाची बंदी असताना चघळण्याच्या तंबाखूकडे वळतात. त्यांनी हे औषधकंपनीत काम करणाऱ्या ओवे फेर्नो यांना कळवले. तोंडावाटे निकोटीन देऊन सिगारेट सोडवता येईल, ही कल्पना त्यातून पुढे आली. निकोटीन एका राळेला बांधले गेले, म्हणजे चावल्यावर ते थोडे थोडे सुटेल. पण लाळेचा सामू साधारणतः सहा ते साडेसातच्या दरम्यान असतो. नुसते निकोटीन लाळेत सुटले तर त्याचा मोठा भाग प्रभारित राहून दाराशी अडणार आणि लाळेबरोबर घशाखाली जाणार. म्हणून गममध्ये सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट हे क्षार मिसळण्यात आले. ते लाळेचा सामू काही काळ वर उचलून धरतात. १९७८ साली हा गम स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आला. १९८४ साली अमेरिकेने त्याला मान्यता दिली. तंबाखूत चुना जे काम करी, तेच गममध्ये हे क्षार करतात. फरक इतकाच की येथे मात्रा मोजलेली, वेग संथ आणि तंबाखूतील विषारी द्रव्ये वगळलेली असतात.

अण्णांच्या पेल्यातील ताक या क्षारांवर पाणी फिरवीत होते. आंबट ताकाचा सामू साडेचारच्या आसपास असतो. तोंडात ताकाचा अंश असताना गम चावला की त्यातील मूठभर क्षार आम्ल शमवण्यातच खर्ची पडतात आणि निकोटीन प्रभारितच राहते. कॉफी आणि कोलासारखी पेये तोंडात फिरवून गम दिल्यास शोषण मोठ्या प्रमाणात घटते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले होते. लिंबाचे सरबत, कोकम, चिंचेचे सार, संत्रे-मोसंबी ही सगळी त्याच पंक्तीतील. दुधाचा चहा तितका आंबट नसतो, पण सुटलेले निकोटीन तो घोटाघोटाने धुऊन घशाखाली नेतो.

घशाखाली गेलेल्या निकोटीनचे पुढे काय होते, हेही नातीने सांगितले. जठरातील तीव्र आम्लात ते अडून राहते आणि तेथे जळजळ व उचकी निर्माण करते. आतड्यात पोहोचल्यावर ते शोषले जाते. परंतु आतड्याकडून येणारे रक्त प्रथम यकृतात जाते आणि यकृत त्यातील मोठा भाग निकामी करून टाकते. गाल आणि जिभेखालचे रक्त मात्र मानेतील नीलांवाटे सरळ हृदयाकडे जाते. यकृताचा नाका त्याला आधी लागत नाही. तोंडातून औषध देण्याचा सारा लाभ या आडवाटेत आहे. अण्णा गम घेत होते, पण तो त्यांच्या गालाला मिळत नव्हता. मिळत होता तो पोटाला. उचकीचे कारण तेच, आणि तलफ न शमण्याचेही तेच.

“म्हणजे माझा निश्चय...” अण्णा म्हणाले आणि थांबले.

“तुमचा निश्चय ठीक होता, अण्णा. औषध पोचतच नव्हतं,” नात म्हणाली. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून जेवणात ताक पहिल्या भाताबरोबर आले आणि जेवणानंतर पाण्याने खळखळून चूळ भरण्यासाठी तांब्या पुढे आला. त्यांनी आपले जुने वाक्य मागे घेतले नाही. पण पुन्हा उच्चारलेही नाही.

गम घेण्याची रीतही बदलली. खाण्यापिण्यानंतर किमान पंधरा मिनिटे जाऊ द्यायची. गोळी सावकाश चावायची. तोंडात तिखटपणा किंवा झिणझिण जाणवली की थांबून ती गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची. झिणझिण ओसरली की पुन्हा थोडे चावायचे आणि जागा बदलून ठेवायची. असे सुमारे अर्धा तास. त्या काळात पाण्याखेरीज काही नाही, आणि पाणीही शक्यतो नंतर. अण्णांना ‘चिमूट ठेवणे’ ठाऊक होते; ‘गोळी ठेवणे’ त्यांना दोन दिवसांत जमले.

यापुढचे दिवस सोपे गेले असे मात्र नाही. गमचे निकोटीन चुन्याच्या चिमटीसारखे झपकन चढत नाही. ते हळू येते आणि कमी येते. तलफ बोथट होते, नाहीशी होत नाही. उरलेले काम माणसालाच करावे लागते. दीड महिन्यांनी एका लग्नघरात जुन्या सोबत्याने पुढे केलेला तळहात अण्णांना नाकारता आला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच नातीला फोनवर म्हणाले, “काल घसरलो. आज पुन्हा मोजायला लागलो आहे.” तिने विचारले ते एवढेच, “गम किती उरलेत?” पुढे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दिवसाच्या गोळ्या कमी होत गेल्या आणि एके दिवशी पाकीट संपल्यावर नवे आणले गेले नाही. चट्टा आता फिकट झाला आहे. तो पुरता गेलेला नाही. दर सहा महिन्यांनी आरशाखाली गाल ताणून दाखवण्याचा नेम अण्णांनी मोडलेला नाही.

सामूच्या या नियमाने औषधशास्त्राला पुढेही हात दिला आहे. कर्करोगाच्या वेदनांसाठी आधीपासूनच अफूवर्गीय औषधे घेणाऱ्या रुग्णांना अधूनमधून असह्य कळा येतात. त्यांच्यासाठी गालात ठेवण्याची फेंटानिलची फसफसणारी गोळी २००६ साली अमेरिकेत मान्य झाली. तिच्यातून सुटणारा कर्बवायू प्रथम लाळेत विरघळून सामू खाली आणतो. त्यामुळे औषध लाळेत चटकन विरघळते. मग वायू उडून जातो, सामू वर येतो आणि विरघळलेले औषध मोकळे होऊन अस्तरातून आत जाते. विरघळण्यासाठी एक सामू आणि आत शिरण्यासाठी दुसरा, अशी दोन्ही कामे एका गोळीकडून करून घेतलेली आहेत.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. तोंडात ठेवण्याच्या प्रत्येक औषधाला हा नियम लागू होत नाही, आणि गोळीबरोबर घरचा सोडा किंवा चुना घेऊन पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये. छातीत कळ आली असता जिभेखाली ठेवायची गोळी अनेक ज्येष्ठांच्या खिशात असते. त्या वर्गातील नायट्रोग्लिसरीन हे औषध लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ साली छातीच्या दुखण्यासाठी वापरात आणले. या औषधांना प्रभार धारण करण्याचा स्वभावच नाही. सामू कमी-अधिक झाल्याने त्यांचे अडत नाही. त्यांना हवी असते ती लाळेची ओल. भीतीने किंवा वयामुळे तोंड कोरडे पडले असेल तर गोळी विरघळत नाही. अशा वेळी आधी घोटभर पाण्याने तोंड ओले करावे, बसून घ्यावे, गोळी जिभेखाली ठेवावी आणि गिळू नये. गिळलेली गोळी यकृताच्या नाक्यावर अडते आणि हाताशी असलेली मोलाची मिनिटे निघून जातात. दोन गोळ्या, दोन स्वभाव; म्हणून औषध कोणते आहे आणि ते कोठे, केव्हा, कशानंतर ठेवायचे, हे प्रत्येक वेळी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे. निकोटीनचा गमही हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी सल्ल्याशिवाय सुरू करू नये.

घरातील कोणी तंबाखू सोडू पाहत असेल आणि त्याला यश येत नसेल, तर त्याच्या मनोबलाविषयी मत बनवण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारता येतात. औषध कसे घेतो? चावतो की ठेवतो? त्याआधी काय पितो? केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही यासाठी उपलब्ध आहे. तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. खचलेल्या माणसाला उपदेशापेक्षा अशी नेमकी मदत अधिक उपयोगी पडते.

अण्णा सायंकाळी ग्रामपंचायतीपुढच्या कट्ट्यावर बसतात. तेथे त्यांच्या वयाचे आणि त्यांच्याहून तरुणही अनेक जण तळहात मळत असतात. अण्णा कोणाला व्याख्यान देत नाहीत. व्याख्यानाने तंबाखू सुटत नाही, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक आहे. परंतु एखाद्याने “मास्तर, ती गोळी घेऊन बघितली, काही उपयोग नाही,” असे म्हटले, की ते चष्मा पुसून विचारतात, “गोळीच्या आधी काय प्यायला होतास?”